साताऱ्याहून आलेला देव

"चपला काढ आदी. चपला काढ म्हंते न्हवं मोहन्या, देवाम्होरं तसाच शिरतूस व्हय रं?"

ओरडत होती ती माझी आई. तिनं मळ्यातून हाक मारली की तासगावच्या बाजारातल्या म्हशी माना वळवून बघतात, असं आमचे आबा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे. मी आयुष्यभर त्यात फक्त म्हशींची संख्या वाढवत आले. आणि ज्याच्यावर ती ओरडत होती तो काही शेडवरचा गडी नव्हता. तो तिचा सख्खा धाकटा भाऊ, माझा मोहनमामा. द्राक्षबागेचा मालक, बेदाण्याच्या शेडचा मालक, आम्ही राहत होतो त्या दोन खोल्यांचाही मालक. गावात त्याच्या पुढ्यात कुणी मोठ्यानं शिंकत नसे. तो मामा त्या दिवशी एका पायावर उभा राहून, खांबाला धरून, मुकाट्यानं चपलेतून अंगठा सोडवत होता. मी साताऱ्याच्या एसटीतून उतरून, खांद्यावर पिशवी टाकून, फाट्यापासून उन्हात चालत नुकतीच शेडच्या तोंडाशी पोचले होते, आणि मला कळेना की देव कुठला. महिन्यापूर्वी मी इथून गेले तेव्हा शेडमध्ये बेदाणा होता, माशा होत्या, बेदाणा निवडणाऱ्या वीस बायका होत्या. देव नव्हता.

मग आईच्या खांद्यावरून पाहिलं. धुरीच्या खोलीच्या दाराशेजारी, लाकडी खांबावर, माणसाच्या नाकाच्या उंचीला माझी पेटी होती. हवा मोजायची पेटी. पांढऱ्या रंगाची, चारी बाजूंनी तिरक्या फळ्यांच्या झडपा, वर उतरतं छप्पर. तिला कण्हेरीची माळ घातलेली. पुढे उदबत्ती. खाली चौरंगावर नारळ. आणि छपराच्या पुढच्या पट्टीवर, बरोबर मधोमध, ठसठशीत लाल टिळा. आईनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं आता ही माझीच आरती ओवाळणार. "ये गं इंदे," ती म्हणाली, "बघ, तुझा देव कसा ठेवलाय."

आता हा देव शेडवर कसा आला ते सांगायचं तर आमच्या घरापासून सुरुवात केली पाहिजे. आबा फौजेतून परतले ते छातीवर दोन पदकं आणि तोंडात हिंदी घेऊन. बैलाला ते 'दाहिने मुड' म्हणायचे आणि बैल, माझ्यावर विश्वास ठेवा, वळायचा. त्यांची वाटणीची जमीन म्हणजे माळावरचा एक तुकडा; त्यात कुसळाशिवाय काही उगवत नसे आणि कुसळंही दर दोन वर्षांनी उगवायची. म्हणून आम्ही मामाच्या वस्तीवर राहायला आलो. मामानं जागा दिली, आबांना बागेची राखण दिली आणि थोरल्या विलासदादाला शेडवर घेतलं. हे त्यानं प्रेमानं केलं, यात मला आजही शंका नाही. पण ज्याच्या छपराखाली माणूस झोपतो त्याच्यापुढे त्याचा आवाज आपोआप अर्धा होतो. सीमेपलीकडचा शत्रू ज्यांच्या शिट्टीनं दचकायचा ते आमचे आबा मेव्हण्यासमोर खोकतानासुद्धा तोंडावर पंचा धरायचे.

शिमग्याच्या आसपास बेदाण्याचा हंगाम भरात यायचा. द्राक्षं जाळीवर वाळत पडायची, मजल्यावर मजले. त्यांचा गोडसर, आंबूस वास अंथरुणात शिरायचा. माशा इतक्या की भाकरीला तीळ लावलेत की माशा बसल्यात हे भाकरी हलवून बघावं लागे. दिवसभर पाखरं हाकलायला आबांचा पत्र्याचा डबा, निवडणाऱ्या बायकांच्या गप्पा, आणि सगळ्यांच्या वर आई. मग वाळलेला माल धुरीच्या खोलीत जायचा. बेदाणा पिवळसर हिरवा, काचेसारखा दिसावा म्हणून त्याला गंधकाची धुरी देतात. दिवेलागणीला खोलीत क्रेटची थप्पी लावायची, घमेल्यात गंधक पेटवायचं, दार लावून फटींना ओलं पोतं कोंबायचं. पहाटे दार उघडून माल बाहेर काढायचा. गंधक पेटलं की निळी ज्योत दिसते, फार सुंदर. तो वास ज्यानं एकदा घेतलाय त्याला सांगायला नको, आणि ज्यानं घेतला नाही त्याला सांगून उपयोग नाही. घशात कुणीतरी दाभण घालून फिरवतंय असं वाटतं. हे पेटवायचं आणि उघडायचं काम चार हंगाम विलासदादा करत होता, तोंडाला ओला टॉवेल गुंडाळून.

दादाचं काय झालंय ते घरात पहिल्यांदा खर्ड्यानं सांगितलं. आईचा खर्डा म्हणजे तव्यावर हिरव्या मिरच्या, लसूण, मूठभर शेंगदाणे, वर तेलाची धार, आणि मग तांब्याच्या बुडानं तव्यातच रगडायचं. मिरच्या भाजायला लागल्या की तिचा ठसका असा उठायचा की आबा 'गैस, गैस' ओरडत अंगणात धावत, कोंबड्या उंबरठ्यावरून उड्या टाकत, आणि मांजर तर मी सांगते तीन दिवस परत येत नसे. एका दुपारी आम्ही सगळे अंगणात डोळे पुसत उभे होतो आणि आत दादा चुलीजवळ मांडी घालून शांतपणे भाकरी मोडत बसला होता. "काय झालं रं सगळ्यास्नी?" त्यानं विचारलं. आम्ही हसलो. मीही हसले, सगळ्यांत मोठ्यानं. घरात कुणी पाहुणा आला की आबा हा प्रयोग करून दाखवायला लागले. पुढे एकदा दूध उतू जाऊन करपलं, घर धुरानं भरलं, आणि पातेल्यापासून हातभर अंतरावर दादा बसलेला. आई परसातून धावत आली. त्या दिवशी कुणी हसलं नाही. आईनं त्याच्या नाकाशी लसणाची पाकळी धरली, मग हिंग, मग चंदनाचा तुकडा. दादा प्रत्येक वेळी मान हलवत होता, आणि आईला बरं वाटावं म्हणून चंदनाला 'येतोय थोडा' म्हणाला.

मिरजेला नेलं त्याला. डॉक्टरांनी नाकात उजेड पाडून पाहिलं, छातीला नळी लावली, काम काय करतोस विचारलं, आणि म्हणाले की आतलं अस्तर भाजत आलंय, छातीतही शिट्टी वाजतेय, हे काम सोड. घरी येऊन आबांनी हे मामाच्या कानावर घातलं, म्हणजे अर्ध्या आवाजात घातलं. मामानं सुपारी कातरत ऐकून घेतलं. मग जे बोलला ते मी विसरलेले नाही. म्हणाला, दाजी, तुम्हीच बघा, दुसऱ्या कुणाला आत धाडलं तर तो पाच मिनिटांत बाहेर पळतोय. विलासला वासच लागत न्हाई. धुरीला त्याच्यासारखा माणूस सगळ्या तालुक्यात मिळायचा न्हाई. आणि गंमत अशी की हे ऐकून दादाची मान जराशी ताठ झाली. नाक गेलं ते गेलं, वर त्याची कारागिरी झाली.

मी तेव्हा साताऱ्याला रसायनशास्त्र शिकत होते. आमच्या सरांना हवेचं वेड होतं. ते म्हणायचे, मातीचं रसायन जमिनीत सापडतं, पाण्याचं बाटलीत सापडतं, हवेचं मात्र पकडायलाच जावं लागतं. त्यांनी मला पकडायची युक्ती शिकवली. सुती कापडाच्या पट्ट्या धुण्याच्या सोड्यात बुडवायच्या, वाळवायच्या, झडपांच्या पेटीत महिनाभर टांगायच्या. गंधकाचा आंबट धूर हवेतून जाताना सोड्याला चिकटतो. महिन्यानं पट्ट्या प्रयोगशाळेत नेऊन पाण्यात उतरवल्या की किती चिकटला त्याचा आकडा निघतो. एवढी सोपी गोष्ट. पुढे मी चाळीस वर्षं हेच केलं, फक्त पट्ट्यांच्या जागी खोलीएवढी यंत्रं आली.

सुट्टीत घरी आले तेव्हा जेवताना हे मामाला सांगितलं. "हवा मोजतीस?" तो म्हणाला, "मापट्यानं का चिपट्यानं?" सगळे हसले. पण मामा मूर्ख नव्हता. हात धुऊन आला आणि पान लावत म्हणाला, "हे बघ इंदे. धूर खोलीत ऱ्हातोय. दार उघडायच्या आदी वरचं झरोकं उघडायला लावतो मी. भाईर काय बी येत न्हाई, विलासचं नाक सर्दीनं गेलंय. न्हाई म्हणत असशील तर आकडा आण. भाईर धूर येतोय असा कागदावर आकडा दाखव, मी खोलीला धुराडं बांधतो, पंखा बसवतो आन् विलासला त्यातनं काढतो. आईच्यान." आईची शपथ घातली त्यानं, आणि ती आई म्हणजे आमची आजी, जिच्या नावानं मामा खोटं बोलल्याचं कुणाच्या ऐकण्यात नव्हतं. मी त्या रात्री झोपले नाही असं म्हणायची पद्धत आहे. खरं सांगते, इतकी गाढ झोपले की सकाळी आबांना शिट्टी वाजवावी लागली.

सरांनी दोन पेट्या दिल्या. एक मी यवतेश्वरच्या डोंगरावर टांगली, तिथं साताऱ्यातली सगळ्यांत स्वच्छ हवा म्हणून. दुसरी मांडीवर घेऊन एसटीनं घरी आणली आणि धुरीच्या खोलीच्या दाराशी, दादा जिथं उभा राहून दार उघडतो बरोबर तिथं, खांबावर लावली. निवडणाऱ्या बायका भोवती जमल्या. आई पुढे. आणि इथं माझं तोंड सुटलं.

आज मागे वळून पाहताना वाटतं, 'बायांनो, हात लावू नका, खराब होईल' एवढं म्हणाले असते तर गोष्ट संपली असती. पण साधं सांगणं मला कधी जमलं नाही. मी खांबाला टेकून, आवाज खाली आणून, असं सांगितलं: "ह्याला शिवायचं न्हाई. ह्याच्याम्होरं बिडी न्हाई, मशेरी न्हाई, चूल न्हाई. हात लावायचीच येळ आली तर आंघोळ केलेला हात पायजे. माणसाच्या डोळ्याला दिसत न्हाई ते ह्याला दिसतं. महिनाभर गप बसंल, सगळं मनात धरंल, आन् मग बोलंल. आन् ह्यो बोलला की इलासदादा सुटला." शास्त्राच्या हिशेबानं यातला शब्द न् शब्द बरोबर होता. बिडीचा धूर पट्ट्यांना लागतो, हाताचा घाम लागतो. पण तुम्हीच सांगा, एवढं ऐकल्यावर सांगली जिल्ह्यातली कुठली बाई त्याला यंत्र समजेल? मी निघाले तेव्हा आईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं, लेकीचा अभिमान. तिला वाटलं, लेकीनं भावासाठी साताऱ्याहून देव आणला.

तर त्या दिवशी मामा अनवाणी उभा, मी पिशवी घेऊन उभी, आणि आई सांगत होती. रोज पहाटे दादा दार उघडून माल काढतो. धूर जरा हटला की ती आंघोळ करून, ओलेत्यानं, ताम्हण घेऊन येते. पेटीची खिटी उघडते. देवाची चारी वस्त्रं उतरवते, ताम्हणात आंघोळ घालते, पिळून परत टांगते. टिळा लावते. तीर्थ तुळशीला घालते. महिन्यात एक दिवस खंड नाही. शेवटच्या आठवड्यात ताप होता तरी आली.

मी बेदाण्याच्या रिकाम्या क्रेटवर बसले. पहिल्याच पहाटे पट्ट्यांतला सोडा ताम्हणात उतरला होता. त्यानंतर महिनाभर खांबावर निव्वळ धुतलेलं कापड लटकत होतं, आणि जो काही पुरावा त्याला चिकटला असेल तो आईनं रोजच्या रोज, तांब्याभर पाण्यातून, तुळशीला घातला होता. हंगाम संपत आला होता. नव्या पट्ट्या टांगायला महिना उरला नव्हता. मामाच्या ते माझ्याआधी लक्षात आलं. त्यानं खाली वाकून एकेक चप्पल परत पायात घातली. "म्हंजे आकडा न्हाई," तो म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद होता असं मी कितीदा लोकांना रंगवून सांगितलंय. नव्हता. लिहिताना तरी खरं लिहावं.

मी आईवर ओरडले. आयुष्यात तिच्यावर ओरडण्याची ती पहिली वेळ, आणि तिच्या आवाजापुढे माझा म्हणजे चिमणी. देव नव्हता तो, म्हणाले, यंत्र होतं, तुला कुणी सांगितलं होतं आंघोळ घालायला. आईनं ताम्हण कमरेवर धरलं होतं. ती रडली नाही, तिला नीट समजलंही नसावं. "तूच म्हनलीस, ह्यो बोलला की इलास सुटला," ती म्हणाली. "मग त्याला बोलाय नगो? नुस्ता टांगून ठेवल्यावर कुठला देव बोलतोय गं?" वीस बायका बेदाणा निवडायच्या थांबल्या होत्या. त्यातल्या एकीलाही आईचं चुकलं असं वाटत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. आणि मग तिनं, जसं काही तक्रार करायचा हक्क तिचाही आहे, पुढे जोडलं: "तसा लय कडक हाय तुझा देव. कपाळावर कुंकू ठरू देत न्हाई. रोज लाल लावते, दुसऱ्या सकाळी बघावं तर पिवळंजर्द. आपल्या घरच्या उंबऱ्याला त्येच लावते, त्ये दोन-दोन दिस लाल ऱ्हातंय."

मी उठले. क्रेट मागे पडला.

आई बाजारचं कुंकू देवाला वापरत नसे. घरची हळद, त्यात मामाच्या पानाच्या डबीतला चुना, पाण्याचे दोन थेंब. बोटानं कालवलं की पिवळ्याचं रक्तासारखं लाल होतं. हळदीचा हा स्वभाव सगळ्यांना माहीत असतो. पातळावर आमटीचा डाग पडला आणि साबण लावला की तो लाल होतो ना, तेच. साबण, सोडा, चुना भेटला की हळद लाल. आंबट भेटलं की परत पिवळी. लिंबू पिळून बघा. खांबावरच्या त्या टिळ्याला महिनाभर रोज काहीतरी आंबट भेटत होतं, आणि तिथं लिंबू पिळणारं कुणी नव्हतं. माझा देव पहिल्या दिवसापासून बोलत होता. मी साताऱ्याला होते.

त्या संध्याकाळी आईनं एका वाटीत हळद-चुना कालवला आणि आम्ही पाच ठिकाणी टिळे लावले: घराचा उंबरठा, विहिरीवरच्या मोटारीची खोली, शेडचं लांबचं टोक, बायका बसतात तिथला खांब, आणि धुरीच्या खोलीच्या दाराची चौकट. चौकटीवरचा टिळा मी लावला नाही. मामालाच अंगठा बुडवायला लावला, उद्या कुणी लबाडी म्हणायला नको. त्यानंही हसत ठसा उमटवला, तलाठ्यासमोर उमटवावा तसा. दिवेलागणीला दादानं गंधक पेटवलं. सकाळी त्यानं दार उघडलं, टॉवेल गुंडाळून आत गेला, क्रेट काढू लागला, आणि आम्ही वरातीसारखे निघालो. पुढे मामा, मागे आबा, मग मी, आई आणि वीस बायका. उंबरठ्यावर लाल. मोटारीच्या खोलीवर लाल. शेडच्या टोकाला लाल, जरा फिका. बायकांच्या खांबावर नारिंगी. त्या खांबाखाली बसणाऱ्या दोघीजणींनी एकमेकींकडे पाहिलं. आणि चौकटीवर मामाचा अंगठा, रेषान्‌रेष स्पष्ट, गोंड्याच्या फुलासारखा पिवळा.

मामा त्या ठशासमोर किती वेळ उभा राहिला ते मी वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळं सांगितलंय. बराच वेळ, एवढं खरं. त्याला पटलं होतं. हे मी आज शपथेवर सांगेन. त्याला पटलं होतं. मग तो आबांकडे न बघता म्हणाला की आठ दिवसांचा माल राहिलाय, व्यापारी दारात उभे आहेत. "पुढच्या हंगामाला बघू."

"मामा, आईच्यान म्हनला हुतास."

"आकड्याचं म्हनलो हुतो," तो म्हणाला. "ह्यो आकडा हाय व्हय?"

सरांनी दोन वर्षं मला हेच शिकवलं होतं की रंग म्हणजे मोजमाप नव्हे, डोळ्याला दिसलं म्हणजे सिद्ध झालं नव्हे, साधा उघड्या हवेत ठेवलेला चुनासुद्धा हळूहळू मरतो आणि हळद फिकी पडते. मामा शाळा चौथीत सोडलेला माणूस, आणि शास्त्र त्या सकाळी त्याच्या बाजूला होतं. मी आबांकडे पाहिलं. आबा दूर बागेकडे पाहत होते, जणू तिकडे पाखरं उतरलीत. पाखरं नव्हती.

पट्ट्या मी तरीही साताऱ्याला नेल्या. माणसाची आशा बघा. आकडा निघाला तो असा की मामाच्या गंधकाच्या दारातली हवा यवतेश्वरच्या डोंगरापेक्षा स्वच्छ आहे. सरांना सगळी हकीकत सांगितली तेव्हा ते आधी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले, आणि म्हणाले की कुंकवाचा आकडा होत नाही, इंदू. पुढच्या हंगामाला मी नवी पेटी घेऊन जायची असं ठरलं. पण त्याआधी मला लांब दक्षिणेत संशोधनाची जागा मिळाली आणि मी गेले. घरातला पहिला माणूस, विमानानं जाणारा. आबांनी धावपट्टीला सलाम ठोकला. मामानं मात्र शब्द पाळला, त्याच्या परीनं. पंखा आणला. धुराडं बांधलं. मी पुढच्या वेळी आले तेव्हा पंख्याच्या पात्यांत चिमणीनं घरटं केलं होतं, कारण पंखा चालू केला की धूर माल पिवळा व्हायच्या आत बाहेर जातो. आत अजून दादाच जात होता. तो अजून सहा हंगाम गेला.

मी जहाजांवर राहून समुद्राच्या हवेतलं गंधक मोजलं. बर्फाच्या डोंगरावर मोजलं, तिथं माझ्या यंत्रापेक्षा माझं नाक आधी गोठलं. आता निवृत्त होऊन सांगलीत विश्रामबागला राहते, आणि भाचा येऊन फोनवर दाखवतो की आत्या, आज हवेचा आकडा अमुक. मी विचारते, वस्तीवरचा काय दाखवतो? तो बोटानं नकाशा सरकवतो, सरकवतो, आणि म्हणतो तिथलं काही दाखवत नाही. मधल्या साथीत सगळ्या जगाचा वास गेला तेव्हा टीव्हीवर शिकलीसवरलेली माणसं रडत होती की कॉफीचा वास येत नाही. दादा माझ्याकडेच होता तेव्हा. धाप लागते म्हणून उंच उशीला टेकून बसलेला. बातम्या बघून म्हणाला, ह्यांचा परत येणार हाय का? डॉक्टर म्हणतात येईल, मी सांगितलं. "बरं झालं," तो म्हणाला आणि चहात खारी बुडवली.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी, अंगठा पिवळा झाला त्या दिवशी, दुपारच्या गाडीनं मला साताऱ्याला परत जायचं होतं. दादा मला सायकलवरून फाट्याला सोडायला आला. पेटी कॅरेजला बांधली होती. आईनं तिच्यावरची माळ काढू दिली नव्हती. चढाला तो उतरला आणि सायकल ढकलू लागला, दहा पावलं चालला की थांबत होता, मला वाटायला नको म्हणून उसाकडे बघत थांबत होता. मी मागून चालत होते. त्याला म्हणाले की दादा, आठ दिवस राहिलेत ना, नको जाऊस आत, आजपासून नको जाऊस, मी मामाच्या पाया पडते. त्यानं फाट्यावर चिंचेखाली सायकल लावली, पेटीची दोरी सोडवली, माझ्या हातात दिली. लांबून गाडीचा धुरळा दिसत होता. तेव्हा मला ते सुचलं जे आधी सुचायला हवं होतं.

"दादा, दार तूच उघडायचास. तुला कवा दिसलं न्हाई व्हय, कुंकू पिवळं झालेलं?"

"दिसायचं की."

"रोज?"

"रोज."

"मग बोलला का न्हाईस?"

गाडी येऊन थांबली. कंडक्टरनं दार उघडलं. दादानं माझी पिशवी वर ठेवली, हात झटकले.

"आई येऊन परत लाल लावायची," तो म्हणाला.